हिरवा सूर्य आणि उलटणारा वारा

ओवी, सोहम, या, जवळ बसा. आज वाऱ्याची गोष्ट सांगतो. हा वारा आपल्या अंगाला कधीच लागत नाही. त्याने झाडाचं पान हलत नाही, पतंग उडत नाही. तो वाहतो ढगांच्याही वर, प्रवासी विमानं जातात त्याच्याही वर. तरीसुद्धा युरोपात एखाद्या वर्षी थंडी कडाक्याची पडणार की सौम्य, यात त्याचा हात असतो. आणि या वाऱ्याचा स्वभाव ओळखायला माणसांना अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली.

गोष्ट सुरू होते १८८३ साली. जावा आणि सुमात्रा या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये सुंदाची सामुद्रधुनी आहे. तिथे क्राकाटोआ नावाचा ज्वालामुखी मे महिन्यापासून धुमसत होता. २७ ऑगस्टच्या सकाळी तो असा फुटला की बेटाचा मोठा भाग दिसेनासाच झाला. समुद्र उसळला आणि किनाऱ्यावरची छत्तीस हजारांहून अधिक माणसं गेली. आवाज केवढा झाला असेल? हिंदी महासागरात रॉड्रिग्ज नावाचं एक बेट आहे, क्राकाटोआपासून सुमारे ४८०० किलोमीटर लांब. तिथल्या पोलीसप्रमुखाला तो आवाज ऐकू आला, आणि त्याला वाटलं, पूर्वेकडे कुठेतरी तोफा डागल्या जाताहेत.

राखेचे जड कण लवकर खाली बसले. पण ज्वालामुखीतून निघालेला गंधकाचा वायू फार उंच गेला होता. तिथे त्याचे आम्लाचे बारीक बारीक थेंब झाले. इतके बारीक, की डोळ्यांना दिसणारही नाहीत. त्या उंचीवर पाऊस पडत नाही, त्यामुळे त्यांना धुऊन खाली आणणारं कोणी नव्हतं. ते तरंगत राहिले आणि वाऱ्याबरोबर निघाले.

मग जगभरातून चमत्कारिक बातम्या येऊ लागल्या. २ सप्टेंबरला वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला सूर्य निळा दिसला. ५ सप्टेंबरला प्रशांत महासागरात होनोलुलूला सेरेनो बिशप नावाच्या पाद्र्याला सूर्याभोवती तपकिरी कडेचं विचित्र कडं दिसलं. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या मद्रासला सूर्य चक्क हिरवा उगवला आणि हिरवाच मावळला. तिथल्या ख्रिश्चन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मिची स्मिथ यांनी वर्णपटदर्शक काढला आणि त्या हिरव्या प्रकाशाची तपासणी करून ठेवली. लोक भ्यायले असतील, पण या गृहस्थांनी भीतीपेक्षा नोंदीला आधी हात घातला. असं का झालं, ते आता आपल्याला कळलंय. हवेतले कण एका विशिष्ट मापाचे असले आणि सगळे जवळपास सारखे असले, तर ते लाल प्रकाश जास्त विखरून टाकतात. मग हिरवा-निळा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो.

सोहम, पृथ्वीचा गोल घे आणि बोट फिरव बघू. सुंदाची सामुद्रधुनी, मग आफ्रिका, मग त्रिनिदाद, मग होनोलुलू. बोट कुठल्या दिशेला चाललंय? पश्चिमेला. लंडनच्या रॉयल सोसायटीने जगभरची पत्रं, जहाजांच्या रोजनिशा, वर्तमानपत्रांतली कात्रणं गोळा केली आणि १८८८ मध्ये जाडजूड अहवाल काढला. त्यातून दिसलं की त्या धुरकट पट्ट्याने तेरा-एक दिवसांत अख्ख्या पृथ्वीला फेरी मारली होती. विषुववृत्ताचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे तो वारा ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत होता. त्याचं नाव पडलं ‘क्राकाटोआचे पूर्वीय वारे’. झालं, ठरलं! विषुववृत्तावर खूप उंचावर वारा पूर्वेकडून येतो.

पण त्या उंचीवर आहे तरी काय, हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांची समजूत अशी, की वर जावं तशी हवा थंड, आणखी थंड होत जाते आणि शेवटी संपते. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ त्राप नावाच्या गावी तेसेराँक द बोर नावाचा माणूस स्वतःची वेधशाळा चालवत असे. तो कागदाचे रोगण लावलेले फुगे करायचा, त्यांना तापमापक बांधायचा आणि वर सोडायचा. अकरा किलोमीटरच्या आसपास गेल्यावर तापमान उतरायचं थांबे. त्याला वाटलं, यंत्रावर ऊन पडून ते तापत असणार. म्हणून तो रात्री फुगे सोडू लागला. रात्रीही तेच! असे दोनशेहून अधिक फुगे सोडून खात्री पटल्यावर १९०२ साली त्याने ते जाहीर केलं. त्याच सुमारास जर्मनीत रिचर्ड आसमान यांनाही तेच सापडलं. आकाशात एक वेगळाच थर होता. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही त्याला स्थितांबर म्हणता.

आपण राहतो ते तपांबर. ढग, पाऊस, वादळं, सगळी धामधूम इथली. त्याच्या वर स्थितांबर. आपल्याकडे, उष्ण प्रदेशात, ते सुमारे १७ किलोमीटरवर सुरू होतं आणि पन्नासेक किलोमीटरपर्यंत जातं. तिथला ओझोन वायू सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतो, त्यामुळे तिथे वर जावं तशी हवा ऊबदार होत जाते. खाली थंड जड हवा, वर ऊबदार हलकी हवा, म्हणून ती उलथीपालथी होत नाही. आणि ती असते तरी किती विरळ! १७ किलोमीटरवर पोचलं की पृथ्वीवरची नव्वद टक्के हवा पायाखाली राहिलेली असते. साहजिकच शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षं वाटत होतं की एवढी विरळ, शांत हवा आपल्या पावसापाण्याचं काय वाकडं करणार?

आता गोष्टीत येतो आर्थर बर्सन. मोठा धाडसी गडी. १९०१ मध्ये तो आणि त्याचा सोबती फुग्याच्या उघड्या पाळण्यात बसून १०,८०० मीटर उंच गेले होते, आणि प्राणवायू जवळ असूनही बेशुद्ध पडून जिवंत परत आले होते. हाच बर्सन १९०८ साली पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरापाशी गेला आणि तिथून त्याने यंत्रं बांधलेले फुगे सोडले. विषुववृत्ताच्या अगदी वर. क्राकाटोआच्या हिशोबाने ते पश्चिमेला वाहत जायला हवे होते. पण वीस किलोमीटरच्या सुमाराला ते चालले पूर्वेला! वारा पश्चिमेकडून येत होता.

काय म्हणालीस ओवी, बर्सनचंच चुकलं असेल? तेव्हाही काहींना तसं वाटलं असेल. पण बर्सन काळजीपूर्वक काम करणारा माणूस होता. बरं, क्राकाटोआची नोंद तर अर्ध्या जगाने मिळून केलेली. मग पुस्तकं लिहिणाऱ्यांनी तोडगा काढला. ते म्हणाले, विषुववृत्तावर उंचावर पूर्वीय वारे वाहतात, आणि त्यांच्या खाली अगदी चिंचोळ्या पट्टीत बर्सनचे पश्चिमी वारे वाहतात. दोघांचंही मन राखलं! पुढली पन्नास वर्षं तेच शिकवलं गेलं.

मग आलं १९५० चं दशक. प्रशांत महासागरातल्या बेटांवर बड्या देशांनी अणुबॉम्बच्या चाचण्या चालवल्या होत्या. किरणोत्सारी धूळ कुठे जाईल, हे कळायला वरचे वारे मोजणं भाग होतं. म्हणून कॅन्टनसारख्या विषुववृत्ताजवळच्या एकाकी बेटांवरून नेमाने फुगे जाऊ लागले. हा फुगा कसा असतो सांगू? रबराचा, पांढरट, वर सोडताना माणसाएवढा उंच. त्याला दोरीने एक डबी टांगलेली. तिच्यात तापमान, दाब, दमटपणा मोजणारी इवली यंत्रं आणि माहिती खाली पाठवणारा रेडिओ. वर जाता जाता बाहेरचा दाब कमी होतो, तसा फुगा फुगत फुगत खोलीएवढा होतो आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो. वारा नेईल तसा तो सरकतो, म्हणून त्याचा माग ठेवला की वाऱ्याची दिशा आणि वेग कळतो. आजही आपलं हवामान खातं नागपूर, मुंबई, पणजीसारख्या ठिकाणांहून असे फुगे सोडतं.

त्या बेटांवरच्या नोंदी साठत गेल्या. अमेरिकेत सिॲटलला रिचर्ड रीड आणि ब्रिटनच्या हवामान खात्यातले एबडन, दोघांनी स्वतंत्रपणे त्या मांडून पाहिल्या. आणि १९६१ च्या सुमाराला कोडं सुटलं. एकाच बेटावर, एकाच उंचीवर वारा वर्षभर पूर्वेकडून वाहतो, मग मंदावतो, उलटतो, आणि पुढलं वर्षभर पश्चिमेकडून वाहतो. मग पुन्हा उलटतो. क्राकाटोआ फुटला तेव्हा पूर्वेकडच्या वाऱ्याची पाळी होती. बर्सन गेला तेव्हा पश्चिमेकडच्या. दोघेही खरंच सांगत होते, बाळांनो! चुकली होती ती फक्त आपली समजूत, की वारा एकदा मोजला म्हणजे कायमचा कळला.

या फेऱ्याला सरासरी २८ महिने लागतात. त्याला ‘क्वासी-बायेनिअल ऑसिलेशन’ असं भारी नाव आहे, शास्त्रज्ञ नुसतं क्यूबीओ म्हणतात. गंमत ही, की यात उन्हाळा-हिवाळ्याचा मेळ नाही. पृथ्वीवर दिवस आणि वर्ष ही दोन मापं सूर्य देतो. हे अठ्ठावीस महिन्यांचं माप कोण देतं? आणि नवा वारा सुरू होतो तो वरून. चाळीसेक किलोमीटरवर तो उमटतो आणि महिन्याला साधारण एक किलोमीटर याप्रमाणे खाली खाली सरकत येतो. स्थितांबराच्या तळाशी पोचला की विरून जातो. तोवर वर उलट्या दिशेचा वारा सुरू झालेला असतो.

वरून खाली येतो म्हणजे वरूनच कोणीतरी ढकलत असणार, असं वाटतं ना? पण उत्तर सापडलं खाली! १९६८ साली रिचर्ड लिंडझेन आणि जेम्स होल्टन यांनी ते मांडलं. उष्ण प्रदेशात, इंडोनेशियावर, काँगोच्या जंगलांवर, आपल्या बंगालच्या उपसागरावर, अजस्र ढग उसळत असतात. त्यांच्या धक्क्यांनी हवेत लाटा उठतात आणि वर चढतात. काही लाटा पूर्वेला सरकणाऱ्या, काही पश्चिमेला. वरची हवा विरळ, म्हणून चढताना लाट मोठी होत जाते आणि शेवटी फुटते. आपण गुहागरच्या समुद्रावर जातो तेव्हा बघितलंय ना, लाट किनाऱ्यावर तिरकी येऊन फुटली की पायाखालची वाळू एका बाजूला सरकते? लाट फुटते तिथे तिच्यातला जोर वाळूला मिळतो. हवेतही तसंच. लाट जिथे फुटते, तिथल्या हवेला ती आपल्या दिशेने रेटा देते.

आता नीट ऐका. समजा वारा पूर्वेला चाललाय. पूर्वेला जाणाऱ्या लाटा त्या थराच्या खालच्या कडेलाच फुटतात आणि त्या कडेला आणखी पूर्वेला ढकलतात. म्हणून तो थर खाली सरकतो. पण पश्चिमेला जाणाऱ्या लाटा त्याच थरातून न अडता पार होतात, वर जाऊन फुटतात आणि तिथे पश्चिमेला जाणारा वारा सुरू करून देतात. मग तो खाली यायला लागतो. असा हा फेरा.

खोटं वाटतं? १९७८ साली प्लंब आणि मॅकइवान यांनी ऑस्ट्रेलियात हे टाकीत करून दाखवलं. एक गोल टाकी, तिच्या आत दुसरं नळकांडं, आणि मधल्या कड्यासारख्या जागेत खारं पाणी. तळाला जास्त खारट, वर कमी, म्हणजे स्थितांबरासारखेच थर. टाकीचा तळ रबराचा, जागच्या जागी वरखाली हलणारा. पाण्याला डावीकडे किंवा उजवीकडे ढकलणारं कोणी नाही. तळ नुसता हलत राहिला. थोड्या वेळाने पाणी आपसूक एका दिशेने गोल फिरू लागलं. मग थबकलं आणि उलटं फिरू लागलं. पुन्हा थबकलं, पुन्हा उलटलं. पृथ्वीभोवतीचा वारा त्यांनी एका टाकीत आणून बसवला. मला या प्रयोगाचं फार अप्रूप आहे.

सोहमचा प्रश्न रास्त आहे: इतक्या वरचा वारा उलटला, तर आपल्याला काय त्याचं?

त्यासाठी उत्तर ध्रुवाकडे जाऊ. हिवाळ्यात तिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. स्थितांबरातली हवा गोठून जाते आणि तिच्याभोवती पश्चिमी वाऱ्यांचं प्रचंड कडं फिरू लागतं. तो ध्रुवीय भोवरा. भोवरा जोरात असला की बोचरी थंड हवा ध्रुवापाशीच कोंडलेली राहते. पण १९५२ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये रिचर्ड शेरहाग यांनी सोडलेल्या फुग्यांनी भलतंच सांगितलं: तीस किलोमीटरच्या आसपास हवा काही दिवसांत एकदम तापली. आता आपल्याला माहीत आहे की अशा वेळी तापमान आठवड्याभरात चाळीस-पन्नास अंशांनीही चढतं. भर हिवाळ्यात, सूर्य नसताना!

यामागेही लाटाच, पण हजारो किलोमीटर लांबीच्या. हिमालय, तिबेटचं पठार, अमेरिकेतले रॉकी पर्वत यांच्यावरून वारा जाताना, आणि जमीन व समुद्र यांच्या तापमानातल्या फरकाने त्या उठतात. जपानच्या तारो मात्सुनो यांनी १९७१ साली दाखवून दिलं की या लाटा वर जाऊन फुटल्या की भोवऱ्याला विरुद्ध रेटा बसतो, तो मंदावतो, ध्रुवावरची हवा खाली बसते, दाबली जाते आणि तापते. कधी भोवरा पार फाटून त्याचे दोन तुकडे होतात. असं दशकात साधारण सहा वेळा घडतं.

आपला विषुववृत्तावरचा वारा इथे कामी येतो. या महाकाय लाटांना चढायला पश्चिमी वाराच लागतो, पूर्वीय वाऱ्यातून त्या जाऊ शकत नाहीत. विषुववृत्तावर पूर्वीय वाऱ्याची पाळी असली की त्यांची दक्षिणेकडची वाट बंद होते आणि त्या ध्रुवाकडे जास्त वळतात. भोवऱ्याला जास्त मार बसतो. होल्टन आणि त्यांचे सहकारी टॅन यांनी १९८० मध्ये हा संबंध नोंदींमधून दाखवला. बघा, इंडोनेशियावरच्या ढगांनी घडवलेला वारा उत्तर ध्रुवाच्या भोवऱ्याचं बळ कमी-जास्त करतो!

मग २००१ साली बाल्डविन आणि डंकर्टन यांनी पुढचा दुवा जोडला. भोवरा ढासळला की त्याचा परिणाम आठवड्या-दोन आठवड्यांत पायरीपायरीने जमिनीपर्यंत उतरतो आणि दोन महिन्यांपर्यंत टिकू शकतो. ध्रुवावर हवेचा दाब वाढतो, खालचे वेगवान पश्चिमी वारे दक्षिणेला सरकतात आणि सैबेरियाकडची थंडी युरोपात शिरते. २०१८ चा हिवाळा आठवा. विषुववृत्तावर पूर्वीय वारा चालू होता. फेब्रुवारीच्या १२ तारखेच्या सुमाराला ध्रुवीय भोवरा फुटला. दोन आठवड्यांनी, २६ फेब्रुवारीला, रोममध्ये बर्फ पडलं. कोलोसियमपुढे माणसं बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारत होती. ब्रिटनमध्ये रस्ते आणि रेल्वे अडकून पडली, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. भोवरा फुटला की दर वेळी असं होतंच असं नाही. पण त्याची शक्यता वाढते, आणि ती आधी कळली तर इंधन, औषधं, गुराढोरांची सोय वेळेवर करता येते.

आपल्या बाजूलाही धागा आहे. हिंदी महासागरावरून दर महिन्या-दोन महिन्यांनी पावसाचा एक भला मोठा पट्टा पूर्वेला सरकत जातो. त्याला मॅडन-ज्युलियन दोलन म्हणतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत, वर पूर्वीय वारा असताना हा पट्टा जास्त जोरकस असतो, असं नोंदींमध्ये दिसलं आहे. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात वरच्या या वाऱ्याची पाळी आणि आपला मोसमी पाऊस यांची सांगड घालून पाहिली. थोडा संबंध दिसला, पण नाजूक. आपला पाऊस समुद्राच्या तापमानापासून कितीतरी गोष्टींवर ठरतो. हा वारा त्यांतला एक.

हवामान दोन आठवड्यांपलीकडे सांगणं का अवघड असतं, माहीत आहे? खालची हवा फार चंचल. आजच्या वाऱ्याला दहा दिवसांपूर्वीचं काही आठवत नाही. स्थितांबर मात्र सावकाश चालतं. आज तिथे काय चाललंय त्यावरून पुढल्या काही आठवड्यांचा, आणि क्यूबीओच्या बाबतीत पुढल्या वर्षाचाही अंदाज करता येतो. म्हणून त्या विरळ हवेला आता एवढी किंमत आहे.

तरीही ती आपल्याला पुरती कळलेली नाही. क्यूबीओची सलग नोंद १९५३ पासूनची आहे: आधी कॅन्टन बेट, मग मालदीवमधलं गान, मग सिंगापूर. एवढ्या वर्षांत फेरा कधी मोडला नव्हता. तो २०१६ च्या सुरुवातीला मोडला. पश्चिमी वाऱ्याच्या मधोमध उत्तरेकडून आलेल्या लाटांनी घुसून पूर्वीय वारा उभा केला. २०१९-२० मध्ये पुन्हा तसंच झालं. आपण हवेत सोडतो तो कार्बन डायऑक्साइड जमिनीजवळची हवा तापवतो आणि स्थितांबर थंड करतो. हे स्युकुरो मानाबे आणि वेदरल्ड यांनी १९६७ सालीच गणिताने दाखवलं होतं, आणि मोजमापांनी ते खरं ठरलं. खालचा समुद्र तापला की ढग बदलतात, ढग बदलले की लाटा बदलतात, आणि लाटांवर तर तो वारा चालतो. म्हणजे आपल्या चुलीचा आणि मोटारीचा धूर जाऊन जाऊन तिथपर्यंत पोचतो.

म्हणून ही गोष्ट तुम्ही मोठे झाल्यावरही लक्षात ठेवा. मद्रासला हिरवा सूर्य बघून नोंद करणारे प्राध्यापक, सरोवराकाठी फुगे सोडणारा बर्सन, एकाकी बेटावर रोज त्याच वेळी फुगा सोडणारी, ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत अशी माणसं, यांच्यातल्या एकानेही कंटाळा केला असता तर हा वारा आपल्याला कळला नसता. दोन प्रामाणिक नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर घाईने एकीला खोटं ठरवू नका. दोन्ही सांभाळून ठेवा आणि तिसरी करा, चौथी करा, शंभरावी करा. निसर्ग उत्तर देतो, पण जो रोज जाऊन विचारतो त्यालाच.